परबकाकांना न दिलेली कादंबरी

वाचनालय चालवणाऱ्या माणसाला लोक एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारतात. "चांगलंय का हो हे?" आपण म्हणायचं, "छान आहे." मग पुढचा प्रश्न, "तुम्ही वाचलंय?" आपण म्हणायचं, "म्हणजे काय!"

डोंबिवली पूर्वेला, मानपाडा रोडच्या आतल्या गल्लीत आमचं वाचनालय आहे. सासऱ्यांनी काढलेलं, नवऱ्याने नोकरी सांभाळून रेटलेलं आणि तो गेल्यापासून मी एकटी चालवते ते. त्या टेबलामागे बसून मी "म्हणजे काय!" इतक्या वेळा म्हटलंय की ते खोटं आहे हे माझं मलाच आठवेनासं झालंय. म्हणून आधी तेच सांगून टाकते. मी पुस्तकं वाचत नाही. चाखते.

पद्धत अशी, की नवीन पुस्तक आलं की पहिली दहाएक पानं नीट वाचायची, मग मध्येच कुठेतरी उघडून दोन पानं आणि मग थेट शेवटचं पान. तेवढ्यावर ते कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही हे ठरतं. शितावरून भाताची परीक्षा. महिन्याला पिशव्या भरून पुस्तकं येतात, ती सगळी वाचत बसले तर नोंदी कोण करणार, पट्ट्या कोण चिकटवणार आणि घरी भाकऱ्या कोण थापणार? सासरे म्हणायचे, "हलवायाने सगळी मिठाई स्वतः खाल्ली तर विकायचं काय?" त्यांचं सगळं आयुष्य चाखण्यावर गेलं आणि कुठल्याही सभासदाला ते कधी कळलं नाही. मलाही आजवर कोणी पकडलं नव्हतं.

सभासद म्हणजे एकेक नमुना. आमच्या जोशीबाई पुस्तक हातात घ्यायच्या आधी विचारतात, "शेवट गोड आहे ना? मग द्या." बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ छपाईच्या चुका लाल पेनने दुरुस्त करून पुस्तक परत आणतात आणि वर मलाच रागावतात, जणू मीच छापलंय. एखादं पुस्तक आपलं वाचून झालंय हे लक्षात राहावं म्हणून प्रत्येकाची गुप्त खूण असते. कोणी ठरावीक पानावर ठिपका देतं, कोणी त्रिकोण काढतं. एक बाई मागच्या कव्हरच्या आत कपाळावरची टिकली चिकटवतात. पुस्तक उघडलं की कुठल्या कुठल्या घरातून फिरून आलंय ते मला कळतं.

आणि ज्यांना जिने उतरवत नाहीत त्यांच्याकडे मी स्कूटीवरून पुस्तकं पोचवते. हँडलला दोन कापडी पिशव्या, एक देण्याची, एक घेण्याची. ही मंडळी निवड माझ्यावर सोडतात. "तुम्हीच आणा, तुम्हाला माहितीय." हे ऐकायला फार बरं वाटतं हो. एका सभासदाची बायपास झालेली, तो रोज फोन करून खुनाच्या कादंबऱ्या मागायचा. मी महिनाभर "बाहेर गेलंय" सांगून त्याला विनोदी पुस्तकं देत राहिले. बरा झाल्यावर पेढे घेऊन आला. म्हणाला, "डॉक्टरने अर्धं काम केलं, अर्धं तुम्ही." तेव्हापासून मला वाटायला लागलं की कुणाला काय सोसेल ते मला कळतं.

"बाहेर गेलंय" हे आमच्या धंद्यातलं मोठं सोयीचं वाक्य. बहुतेक वेळा ते खरंच असतं. एका माणसाच्या बाबतीत मी ते वर्षभर खरं करून दाखवलं.

परबकाका आमचे जुने सभासद. कल्याणजवळ मोहन्याला रेयॉनच्या कारखान्यात, धागा काढायच्या स्पिनिंग खात्यात होते, राहायला तिथल्याच कॉलनीत. नोकरी सुटल्यावर बायको आणि एकुलता मुलगा मिलिंद यांना घेऊन डोंबिवलीत आले, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून, दुसऱ्या मजल्यावर. इमारतीला लिफ्ट नाही. तेव्हा मिलिंद कॉलेजात होता आणि बाबांची पुस्तकं बदलायला तोच यायचा. "बाबांनी सांगितलंय, काहीही द्या, फक्त रडारड नको." काकांना जंगलं, प्रवास, यंत्रं, लढाया असलं लागायचं. पुस्तकाला आधी वर्तमानपत्राचं कव्हर घालायचे, मग वाचायला घ्यायचे आणि परत देताना कव्हर काढून द्यायचे. घराघरातून फिरलेल्या आमच्या पुस्तकांना इतक्या मानाने वागवणारं दुसरं कोणी मी पाहिलं नाही.

मिलिंद पुढे कॅनडाला गेला. तिथे कायम राहायची परवानगी मिळवायची त्याची खटपट चाललेली असतानाच इकडे काकी आजारी पडल्या. तो दर रविवारी फोन करायचा आणि काका सांगायचे, आई बरी आहे. मध्येच निघून आला तर पेपर अडकतील, पुन्हा जाता येणार नाही, असं त्यांना कोणीतरी सांगितलेलं. काकी कल्याणच्या हॉस्पिटलातच वारल्या. काकांनी तेही कळवलं नाही आणि दिवसकार्य एकट्याने उरकलं. तेराव्याच्या जेवणाला मी गेलेले. पंगतीत कोणीतरी विचारलं, "मुलगा?" काका वाढता वाढता म्हणाले, "सांगितलं नाही अजून. त्याचे पेपर होऊ देत." दोघंतिघं म्हणाले, बरोबर केलंत. मीही मान डोलावली.

तेरावं झाल्यावर काकांनी फोन करून सांगितलं. त्यानंतर मिलिंदचा फोन बंद झाला तो झालाच.

अशी बरीच वर्षं गेली आणि काकांच्या डोळ्यांच्या पडद्याला काहीतरी झालं. या आजारात मधलं दिसेनासं होतं आणि कडेचं दिसत राहतं. ते ठाण्याला नौपाड्यातल्या एका डॉक्टरकडे इंजेक्शनं घ्यायला जायचे. मला एकदा म्हणाले, "वहिनी, आता तुमचा चेहरा जातो आणि कान तेवढे उरतात." तरी भिंग घेऊन, पुस्तक नाकाला लावून वाचायचे. पूर्वी आठवड्याला एक व्हायचं ते महिन्याला एक व्हायला लागलं, पण वाचायचे.

साधारण त्याच सुमाराला वाचनालयात टपालाने एक पाकीट आलं. आत एका नव्या कादंबरीच्या दोन प्रती, "वाचनालयास भेट" असं लिहिलेल्या. लेखक मिलिंद परब. कादंबरीचं नाव इथे देत नाही, डोंबिवलीत ज्यांनी वाचलीय त्यांना ते माहीत आहे.

मी नेहमीप्रमाणे चाखली. पहिल्या पानावर एक माणूस विमानात बसून बापाला आठवतोय. बाप कसा, तर फोनवर शांत आवाजात खोटं बोलणारा. आईच्या मरणाची बातमी तेरा दिवस खिशात ठेवून फिरणारा. अशी दहा पानं, आणि एकेक वाक्य असं की काकांना ओळखणाऱ्याला लागावं. वर्तमानपत्राच्या कव्हरासकट सगळं त्यात होतं. मध्ये उघडलं तर बाप दाराची साखळीही न काढता फटीतून विचारतोय, "कोण पाहिजे?" शेवटच्या पानावर मुलगा बॅग रिक्षात टाकतो आणि म्हणतो, "चला." संपलं. म्हणजे आला, भांडला, गेला.

मी पुस्तक मिटलं आणि ठरवलं, हे काकांना द्यायचं नाही. म्हातारा माणूस, एकटा, डोळे चाललेत, त्यात हे कशाला? हे झालं चारचौघांत सांगण्याचं कारण. दुसरं असं की ते त्यांच्या हातात ठेवणारी मी नको होते. वाईट बातमी द्यायची वेळ आली की मी घरातसुद्धा नेहमी दुसऱ्या कुणालातरी पुढे केलंय. नवऱ्याच्या वेळी सासूबाईंना सांगायला मी शेजारच्यांना पाठवलेलं आणि स्वतः स्वयंपाकघरात उभी होते. हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही.

नुसतं नाही म्हणून भागत नव्हतं, पुस्तक कपाटात दिसायलाही नको होतं. म्हणून एक प्रत परत आली की ती त्याच दिवशी मी दुसऱ्याच्या गळ्यात मारायची. "अहो, आपल्या डोंबिवलीच्या मुलाने लिहिलंय, वाचाच." त्या वर्षी ती कादंबरी आमच्याकडे सगळ्यात जास्त फिरली. जोशीबाईंना मी शेवट गोड आहे असं ठोकून दिलं. काकांच्या इमारतीतल्या निम्म्या घरांत ती जाऊन आली. काकांच्याच घरी तेवढी गेली नाही.

एकदा पुस्तक देताना काका म्हणाले, "नवीन काय आलंय का?"

"आलीत दोनचार."

"कॅनडावाल्याचं काही आलंय म्हणे."

"बाहेर गेलंय, काका."

"बरं. आलं की बघा."

आपल्या मुलाचं आहे असं ते म्हणाले नाहीत आणि मला माहितीय असं मी दाखवलं नाही. पुढे पावसाळ्यात एकदा विचारलं, नंतर गणपतीत विचारलं. दोन्ही वेळा मी तेच सांगितलं. गणपतीनंतर त्यांनी विचारणं सोडलं आणि मी सुटले असं मला वाटलं.

हिवाळ्यात भिंगाचाही उपयोग संपला. तरी त्यांनी वर्गणी बंद केली नाही. मी पुस्तक घेऊन गेले की म्हणायचे, "पहिलं पान वाचून दाखवा." मी दारातच उभी राहून वाचायची. मग पुस्तक हातात घ्यायचे, कव्हर घालायचे आणि टेबलावर ठेवायचे. पुढच्या वेळी न वाचलेलं पुस्तक कव्हर काढून परत.

यंदा मे महिन्यातली गोष्ट. दुपारी वाचनालयात कोणी नसतं. दाढीत पांढरे केस आलेला एक माणूस आत येऊन कपाटं बघत उभा राहिला.

"ओळखलंत का, ताई?"

रडारड नको म्हणणाऱ्या त्या पोराचा आवाज तसाच होता. "मिलिंद?"

"परवा उतरलेलो. नौपाड्यात मित्राकडे आहे." हात मागे बांधून तो कपाटाकडेच बघत होता. "माझं दिसत नाही ते."

"बाहेर आहे. फार चालतंय अरे तुझं पुस्तक."

तो हसला. मग म्हणाला, "बाबांनी नेलं का?"

या प्रश्नाला "नाही" एवढंच उत्तर होतं. पण "का नाही" हे त्यानंतर आलं असतं. मी म्हटलं, "हो."

"वाचलं?"

"हो... झाले बरेच दिवस."

"काय म्हणाले?"

"काही नाही म्हणाले."

"बरोबर आहे," तो म्हणाला. टेबलासमोरच्या स्टुलावर बसला आणि पेपरवेट फिरवत राहिला. "ताई, मी त्यांच्या पत्त्यावर पाठवलं असतं ना, तर त्यांनी पाकीट फोडलंच नसतं. माझ्यासारखेच आहेत, हट्टी. म्हटलं तुमच्याकडे पाठवावं. तुमच्या हातून आलेलं पुस्तक त्यांनी कधी परत पाठवलेलं मला आठवत नाही. वाचून काहीतरी बोलतील, अगदी शिव्या का होईनात. तसं काही कळलं तर घरी जायचं असं ठरवून आलेलो. वर्षभर वाट बघितली." पेपरवेट जागेवर ठेवून तो उठला. "आता रविवारचं परतीचं विमान आहे. माझा नंबर घेऊन ठेवा. त्यांना काही लागलं तर मला कळवा, त्यांना कळू न देता."

जाताना त्याने कपाटातलं आडवं पडलेलं एक पुस्तक उभं केलं. मी स्वतःला सांगत होते, हाक मार, अजून गल्लीतच आहे. मारली नाही.

मग मी वाचनालय बंद केलं, जे मी दुपारी कधी करत नाही, आणि जोशीबाईंकडे जाऊन एक प्रत परत मागितली. त्या म्हणाल्या, "अगं, शेवट गोड म्हणालीस ते खरं निघालं हो! मी मेली उगाच आधी घाबरत होते." मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. घरी येऊन कादंबरी पहिल्यापासून वाचायला घेतली. कितीतरी वर्षांनी मी एक अख्खं पुस्तक वाचलं.

माझी दहा पानं संपतात तिथून मुलाचा राग हळूहळू उतरत जातो. आणि पुढे एक मोठं प्रकरण आहे, ते सगळं बापाचं. हॉस्पिटलच्या बाहेर उभा राहून बाप रविवारच्या फोनची वाट बघतोय, "बरी आहे" हे वाक्य आवाज न कापता म्हणता यावं म्हणून आधी दोनदा पुटपुटून घेतोय. मुलाने बापाच्या जागी स्वतःला उभं करून लिहिलंय ते. समासात कुणीतरी पेन्सिलीने "बिचारा" असं लिहिलेलं, दुसऱ्या कुणीतरी त्याखाली रेघ ओढलेली. मागच्या कव्हरच्या आत टिकली होती. सगळ्यांनी वाचलेलं. आणि शेवट? मुलगा बॅग रिक्षात टाकून "चला" म्हणतो, ते खरंच. पण आदल्या पानावर बाप त्या रिक्षात आधीच बसलेला आहे. दोघं मिळून मोहन्याची जुनी खोली बघायला निघालेत.

एक पान आधी. तेवढं जरी मी चाखलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच काकांकडे गेले. "आज वार नाही तुमचा," ते म्हणाले. मी आत जाऊन खुर्चीवर बसले, जे मी एरवी करत नाही, आणि सांगितलं. "काका, मिलिंदचं पुस्तक बाहेर गेलेलं नव्हतं. मीच देत नव्हते."

ज्यांना मधलं दिसत नाही ते माणसाकडे बघताना मान थोडी तिरकी करतात. तशी मान करून बसले.

"तुम्हाला त्रास होईल असं वाटलं."

"मलाही तेच वाटलेलं," काका म्हणाले. "त्याला त्रास होईल."

खालून भंगारवाल्याची हाक आली आणि गेली.

"त्याने माझ्याशी बोलणं टाकलं," ते म्हणाले. "आता मी तुमच्याशी टाकू का? मग पुस्तकं कोण आणणार? वाचा."

"पहिलं पान?"

"सगळं."

मी वाचायला लागले. ती पहिली दहा पानं मी ज्या आवाजात वाचली तो माझा मला आवडला नाही, घाई होती त्यात, पुढचं लवकर यावं म्हणून. काका अडवायचे. "खोटारडा म्हणलाय का? परत वाचा." मी परत वाचायची. "हां. पुढे." कारखान्याचं वर्णन आलं तिथे मात्र चिडले. "स्पिनिंगला असं कुठे असतं? वायूने डोळे चुरचुरायचे, हे लिहिलंच नाही त्याने. कॉलनीत राहून काय बघितलं कार्ट्याने?" चहा त्यांनीच केला, गॅसची आच कानाने ओळखून. मी उठले तर म्हणाले, "तुम्ही वाचत राहा."

एकदा त्यांनी हात पुढे केला. मी पुस्तक दिलं. त्यांनी पान अगदी डोळ्याजवळ नेलं, मग लांब धरलं, मग मान एका बाजूला वळवून कडेने बघितलं. "ओळी आहेत एवढं कळतं," म्हणाले आणि परत दिलं. गणपतीत विचारलं होतं तेव्हा त्यांना भिंगातून वाचता येत होतं. मुलाचं पुस्तक बापाला स्वतःच्या डोळ्यांनी वाचता आलं असतं, ते मी होऊ दिलं नाही, एवढंच.

बापाचं प्रकरण सुरू व्हायच्या आधी मी थांबले. "काका, अजून एक सांगायचंय. मिलिंद आलाय. नौपाड्यात आहे."

"नौपाड्यात?" त्यांनी मान सरळ केली. "म्हणजे डॉक्टरच्या तिथे? आणि इथे नाही आला?"

"काल वाचनालयात आलेला. तुम्ही पुस्तक वाचलं का विचारत होता. मी हो म्हटलं. आणि तुम्ही काही बोलला नाहीत, असं सांगितलं."

या वेळी त्यांना राग आला. आवाज चढला नाही, पण हातातला कप त्यांनी टेबलावर ठेवला तो बशीत बसला नाही. "वहिनी, पुस्तक लपवलंत ते मी समजू शकतो. पण माझ्या नावाने बोललात?"

"चुकलं, काका."

"लावा फोन."

मी नंबर लावून फोन स्पीकरवर टाकला. पलीकडून "हॅलो" आलं. काका फोनच्या जरा जास्तच जवळ वाकले.

"मिलिंद, मी बोलतोय."

पलीकडे रस्त्याचा आवाज, हॉर्न.

"तुझ्या पुस्तकात चुका आहेत."

तो म्हणाला, "किती?"

"ये, सांगतो."

मी मध्ये पडून सांगायला लागले की काल मी खोटं बोलले, त्यांनी वाचलेलं नव्हतं, आज वाचतायत. तो म्हणाला, "ताई, नंतर. मी निघालोय."

ठाण्याहून डोंबिवलीला यायला काय लागतो तेवढा वेळ. काकांनी मला जाऊ दिलं नाही. उठून शर्ट बदलून आले, बटणं एक घर चुकवून लावलेली. मी सांगितलं तेव्हा परत लावली. दाराची कडी त्यांनी आधीच काढून ठेवली.

तो आला. दारातच चपला काढून उभा राहिला. काकांनी मान तिरकी करून त्याच्याकडे कडेने बघितलं. "दाढी वाढवलीस का?"

"हो."

"कान तुझ्या आईचे आहेत. ते दिसतायत. बस."

तो पलंगावर बसला. दोघांमध्ये मी, मांडीवर पुस्तक. काका म्हणाले, "कुठपर्यंत आलेलो आपण? हॉस्पिटल. वाच रे आता तूच."

मिलिंदने पुस्तक घेतलं. दोन ओळी वाचल्या आणि पुस्तक माझ्याकडे सरकवलं. "ताई, तुम्ही वाचा."

म्हणून ते प्रकरण मीच वाचलं, लिहिणारा समोर आणि ज्याच्यावर लिहिलंय तो समोर. त्यात आई खिडकीशेजारच्या खाटेवर आहे, खिडकीतून गुलमोहर दिसतोय.

"खिडकी नव्हती," काका म्हणाले. "मधली खाट होती. डोक्यावर पंखा, तो आवाज करायचा."

मी पुढे वाचलं. आई चहा मागते.

"चहा कुठला! ताक मागायची सारखी. डॉक्टर नको म्हणायचे. एकदा मी दिलं चोरून, थोडंसं."

मिलिंद म्हणाला, "मग?"

"मग काय, मिश्या आलेल्या तिला ताकाच्या. हसली."

"माहीत नव्हतं मला," मिलिंद म्हणाला. "मला काहीच माहीत नव्हतं. सगळं मनाने लिहिलंय ते."

"कळतंय ना ते. म्हणून तर चुका आहेत." काका माझ्याकडे वळले. "वाचा."

पुढे रविवार येतो. पुस्तकातला बाप बाहेर उभा राहून फोनवर "बरी आहे" म्हणतो, आत आई गाढ झोपलेली आहे. मी एवढं वाचलं आणि काका म्हणाले, "थांबा."

ते धोतराच्या सोग्याशी चाळा करायला लागले.

"शनिवारी मला म्हणाली, उद्या पोराचा फोन येईल तेव्हा मी झोपलेली असले तर उठवा. दोनदा म्हणाली. विसरू नका म्हणाली. रविवारी फोन आला तेव्हा झोपलेली. मी उठवलं नाही. उठवली असती तर ती रडली असती आणि तुला कळलं असतं. मंगळवारी गेली. हे तुझ्या पुस्तकात नाही. तुला माहीतच नव्हतं, मी कुणालाच सांगितलेलं नाही. मला तेरा दिवसांचं काही वाटत नाही रे, शिव्या दे हव्या तेवढ्या. तिला उठवलं नाही, ते..."

मिलिंद खाली बघत होता. मग त्याने मान वर केली.

"बाबा, तुम्ही म्हणालात, आई झोपलीय, उठवू का?"

"असं म्हणालो मी?"

"हो. उठवू का, असं विचारलंत. आणि मी म्हटलं, नको, झोपू दे."

काकांनी त्याच्याकडे तोंड केलं आणि या वेळी मान तिरकी केली नाही, सरळच बघत राहिले, जिथे त्यांना काही दिसत नाही तिथे. "तू म्हणालास?"

"मीच म्हणालो."

हा प्रश्न पुस्तकात कुठेच नव्हता, या वेळी मी ते सगळं वाचलेलं. मी पुस्तक टेबलावर ठेवलं आणि उठले. थांबा असं कोणी म्हणालं नाही. बाहेर येऊन चपला घालताना आतून काकांचा आवाज आला, परत विचारत होते, "नक्की मी विचारलं होतं?" आणि मिलिंद तेच उत्तर परत देत होता.